वर्गातील प्रौढ व्यक्ती

दर सोमवारी यंत्राच्या सूचना यायच्या आणि शाळा त्या मुकाट पाळायची. दहावी ब मधला खिडकीजवळचा पंखा कुरकुरतो, तेल घालावे. समोरच्या भिंतीवरचे घड्याळ मागच्या भिंतीवर न्यावे. तिसऱ्या रांगेतला एक बाक डुगडुगतो, पायाला पाचर मारावी. असल्या बारीकसारीक गोष्टी, पण केल्या की फरक दिसायचा, त्यामुळे कुणी हुज्जत घालत नसे. त्या सोमवारी पंखा आणि बाक यांच्याच ओळीत, तितक्याच थंडपणे, आणखी एक सूचना आली. ‘वादाच्या तासाला वर्गातील प्रौढ व्यक्ती बाहेर असावी.’

दहावी ब मध्ये प्रौढ व्यक्ती एकच होती. सुचेता शिंत्रे, विज्ञानाच्या बाई. गडहिंग्लजमधल्या त्या शाळेत त्यांची उभी हयात गेली होती. बाकीच्या शिक्षिका कधीच्या कुर्ता-सलवारीवर आल्या होत्या आणि मुलं त्यांना मॅडम म्हणत. शिंत्रे बाई अजून सुती साडी नेसत आणि ‘मॅडम’ म्हणणाऱ्याला उत्तरच देत नसत. गावात अशी घरं होती जिथे आई आणि मुलगी दोघी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि दोघींना त्यांची सारखीच धास्ती होती.

बाईंनी ती सूचना चष्मा काढून वाचली, चष्मा लावून वाचली, आणि तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

“हे काय आहे, प्रशांत?”

मुख्याध्यापक प्रशांत खणगावे उठून उभे राहिले. तेही बाईंचे विद्यार्थी. शाळेचा कारभार हाकत असले तरी बाईंसमोर खुर्चीत बसून बोलणं त्यांना अजून जमलं नव्हतं.

“बसा की बाई.”

“उभी आहे तीच बरी. तुझं यंत्र बिघडलंय.”

“बिघडलं असतं तर बरं झालं असतं,” खणगावे म्हणाले आणि त्यांनी पडदा बाईंकडे वळवला.

पडद्यावर काय होतं ते कळण्यासाठी त्या यंत्राची थोडी ओळख हवी. वादाच्या तासाला प्रत्येक मूल कपाळाला एक पातळ पट्टी लावतं. पट्टीतून अवरक्त प्रकाश आत जातो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त धावतं, आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून ते कळतं. अशी प्रत्येकाची एक रेघ पडद्यावर चालते. चार माणसं एकमेकांशी मनापासून बोलायला लागली की त्यांच्या रेघा हळूहळू एका तालात येतात. हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासूनच ठाऊक होतं, आणि बरीच वर्षं समजूत अशी होती की ताल जुळला म्हणजे मुलं शिकली.

मग एका तरुण संशोधक गटाला दिसलं की नुसता ताल जुळतो तेव्हा मुलं बहुधा फक्त माना डोलावत असतात. खरी गोष्ट पुढे घडते. कुणीतरी आक्षेप घेतो. ज्याच्यावर आक्षेप आला त्याची रेघ तुटते, काही क्षण भरकटते आणि पुन्हा इतरांच्या रेघेला येऊन मिळते, पण पहिल्या जागी मिळत नाही, जरा निराळ्या उंचीवर मिळते. मोडलेलं हाड जुळताना त्या जागी थोडं जाड होतं, तसंच काहीसं. या जागेला त्यांनी नाव दिलं सांधा. ज्या मुलांच्या नोंदीत सांधे भरपूर, ती मुलं कधी न पाहिलेल्या प्रश्नालाही भिडत. पुरावा पारखत, दोन्ही बाजू तोलत, कुणी न दाखवलेली वाट काढत. पाठांतराने सांधे वाढत नव्हते. एकट्याने विचार करतानाही ते क्वचितच पडत. त्यासाठी समोर दुसरं माणूस लागायचं, आणि त्या माणसाचं आपल्याशी पटलेलं नसावं लागायचं.

एवढं कळल्यावर शाळांचं वेळापत्रक बदललं. निम्मे तास वादाचे झाले, आणि वर्गातल्या कशामुळे सांधे कमी पडतात ते शोधून यंत्र दर सोमवारी सूचना देऊ लागलं. घराघरांत आईबापांच्या नाकी नऊ आले. ‘मी सांगतोय म्हणून’ हे वाक्य, ज्याच्यावर इथले संसार पिढ्यान्‌पिढ्या चालले होते, ते एकदम निकामी झालं. पोरं जेवता जेवता आजोबांकडे पुरावा मागायला लागली. पण निकाल बघून सगळे गप्प बसले.

या बदलासाठी तालुक्यात सगळ्यात जास्त भांडल्या त्या शिंत्रे बाईच. पट्ट्या यायच्या कितीतरी आधीपासून त्या वर्गात वाद लावून देत. मुलांना उत्तर देणारी बाई आळशी असते, असं त्या शिक्षकांच्या बैठकीत बोलल्या होत्या आणि निम्मी बैठक त्यांच्यावर रुसली होती. म्हणून ही सूचना त्यांना जास्त झोंबली.

पडद्यावर दहावी ब चे गेल्या तीन महिन्यांतले सांधे मांडले होते. तुरळक ठिपके. मध्येच एका आठवड्यात ठिपक्यांची नुसती गर्दी, आणि मग पुन्हा ओसाड.

“हा आठवडा कुठला?” बाईंनी विचारलं.

खणगावे खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुम्ही पुतणीच्या लग्नाला बेळगावला गेला होता तो.”

खणगाव्यांनी मग घाईघाईने नियम सांगितला. यंत्र फक्त सुचवतं. ठरवायचं वर्गाने, तेही रीतसर वाद करून. महिनाअखेरच्या शनिवारी वर्ग बसेल. बाईंचे सगळे तास वादाचेच होते, म्हणून वर्गाला सूचना पटली, तर बाईंकडे साहित्य कक्ष येईल. साहित्य कक्ष म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची खोली. तिथे बसून प्रश्न तयार करायचे, प्रयोगाचं सामान लावून द्यायचं. पगार तोच, मान तोच. फक्त मुलं दिसणार नाहीत.

“तुम्हीच म्हणायचा बाई,” खणगावे हळू आवाजात म्हणाले, “आकड्याशी भांडायचं तर आकडा घेऊनच भांडायचं.”

“म्हणायचे. आणि भांडणारही आहे.”

भांडण त्यांनी लगेच सुरू केलं. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही असं ठरवलं. सांधे वाढले नाहीत, उलट मुलांच्या माना सारख्या मागे वळू लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना फळ्याकडे तोंड करून बसायला लावलं, मागे वळायचं नाही. मग वर्ग कान देऊन ऐकायला लागला. चौथ्या दिवशी बाई बांगड्या घरी काढून आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या मोकळ्या हातांनी शाळेत आल्या, आणि तरी पडद्यावर ठिपके जेमतेमच. मुलं नेमकं काय बघतात आणि काय ऐकतात, हे काही त्यांना उमगेना.

शेवटी त्या एक दिवस बाहेर थांबल्या आणि खणगाव्यांच्या खोलीत बसून पडद्यावर आपलाच वर्ग बघू लागल्या. प्रश्न त्यांनीच दिला होता. एका मोठ्या बंद पेटीत पोपट बसलाय, आणि पेटी वजनकाट्यावर ठेवलीय. पोपट आतल्या आत उडायला लागला आणि कुठेही न टेकता एका जागी तरंगत राहिला, तर काटा काय दाखवेल?

वर्ग पेटला. ओवी हेब्बाळे, बाईंची शेजारीण आणि लहानपणापासून त्यांच्या ओट्यावर अभ्यासाला येणारी, म्हणाली की पोपट तळाला टेकलेलाच नाही, तर त्याचं वजन काट्याला कळणार कसं? अबीर चौगुले म्हणाला, हवा मधे आहे ना. सिद्रा मुल्ला म्हणाली, हवेला धरून कोण लटकतं का, येड्या? ठिपक्यांवर ठिपके पडत होते. तासाची घंटा झाली तेव्हा सगळा वर्ग एकमताने एका उत्तरावर आला होता, की काटा हलका होईल.

उत्तर साफ चूक होतं. पोपट हवेला खाली ढकलतो, ती हवा तळाला दाबते, आणि वजन तेवढंच भरतं. बाईंना झालेला आनंद त्यांना लपवता आला नाही.

“बघ! बघ, प्रशांत! एक तास मी नाही, तर सगळा वर्ग एकजात खड्ड्यात! मी असते तर दहा मिनिटांत बरोबर उत्तर आलं असतं.”

“आलं असतं,” खणगावे म्हणाले. एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शाळेत आल्या, तर फाटकाशी दहावी ब ची ही गर्दी. रात्रभर अबीरला चैन पडलं नव्हतं. सिद्राच्या वडिलांच्या डेअरीत दुधाचे कॅन तोलायचा अचूक काटा होता. पहाटेचं दूध घालून झाल्यावर पोरांनी त्याच्यावर कपड्यांची पत्र्याची पेटी ठेवली. पोपट कुठून आणणार? म्हणून ओवीच्या भावाचं खेळण्यातलं ड्रोन पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि आतल्या आत उडवलं. काटा जरासा थरथरला आणि होता तिथेच आला. सगळा वर्ग चुकला होता, आणि आता का चुकला ते एकमेकांना ओरडून ओरडून सांगत होता. बाई आल्याचंही कुणाच्या लक्षात आलं नाही. फाटकाशी उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं. पोरांचं त्यांना फार कौतुक वाटलं, आणि आपल्यावाचून हे झालं हे सललंही.

शनिवारी वर्ग बसला. नियमाप्रमाणे वादात भाग घेणाऱ्या प्रत्येकाने पट्टी लावायची. बाईंनी आजवर कधी लावली नव्हती. शिक्षकाने लावायची पद्धतच नव्हती. पण आज त्या वादातला एक पक्ष होत्या, म्हणून ओवीने त्यांच्या कपाळाला पट्टी बांधून दिली. मुलं बाकांवर, बाई समोर. सांधे दाखवणारा पडदा मागच्या भिंतीवर, म्हणजे तो फक्त बाईंना दिसत होता. मुलांनी आपल्याच रेघेकडे बघत बसू नये म्हणून तो मुद्दाम तिथे लावत. खणगावे त्याच पडद्याच्या खाली दारात उभे होते. आठवड्याचा अहवाल सोमवारी यायचा, तोवर मुलांना काहीच कळत नसे.

ओवीने सुरुवात केली, बाईंच्या बाजूने, इकडच्या मुलींच्या ‘मी गेलो, मी आलो’ अशा बोलीत.

“बाई पाहिजेतच. आम्हाला वाद घालायला शिकवलं कुणी? मी पाचवीत होतो, तेव्हा बाईंनी मला विचारलं, सूर्य फिरतोय हे तुला दिसतंय, मग पृथ्वी फिरते हे का मानतीस? मी चार दिवस झोपलो नाही. असा प्रश्न यंत्र विचारंल व्हय?”

“प्रश्न बाईच काढणार आहेत,” सिद्रा म्हणाली. “त्या खोलीत बसून. वाद त्याचा नाहीच. वाद एवढाच, की आपण बोलताना बाई समोर पाहिजेत का.”

“असल्या तर बिघडतं काय?”

सिद्राने बाईंकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. “सांगू? बाई, राग मानू नका.”

“मुद्दा असेल तर मांड,” बाई म्हणाल्या. “रागाचं मी बघते.”

“चुकीचं उत्तर आलं की तुम्ही पदर खोचता. समजवायची तयारी म्हणून. आणि बरोबर उत्तर आलं की सोडता. तुम्ही मागं बसलात की आम्ही मागं बघून घेतो. फळ्याकडं तोंड केलं तर साडीचा आवाज येतो. आम्ही वाद घालायचं नाटक करतो, बाई. एकेक उत्तर टाकायचं, आणि पदर सुटला की थांबायचं.”

बाईंनी पदराकडे पाहिलं नाही, पण हात मात्र पाठीमागे घेतला.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“नववीत आल्यावर दहावीची पोरं सांगतात,” अबीर म्हणाला. “त्यांना त्यांच्या वरची.”

“कधीपासून?”

मग मागच्या दारातून खणगावे म्हणाले, “आमच्या वेळेपासून, बाई.”

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. इतकी वर्षं ज्या उत्तरांवर त्या घरी जाऊन खूश व्हायच्या, त्यातली किती मुलांची होती आणि किती या साडीची? त्यांना मोजता येईना. दुसरी कुणी असती तर तिथूनच निघून गेली असती. पण बाई जातीच्या भांडखोर. त्यांनी मान वर केली.

“ठीक. हा माझा दोष झाला, मान्य. पण दोष दुरुस्त होतो. मला ठाऊक नव्हतं, आता झालं. सोमवारपासून हात बांधून बसेन. मग मला बाहेर काढायचं कारण काय उरलं?”

“तुम्ही बांगड्या काढून आला होता,” अबीर म्हणाला. “तरी काही फरक पडला नव्हता.”

“तेव्हा मला कारण माहीत नव्हतं. अंदाजाने औषध घेतलं आणि गुण आला नाही, म्हणून रोग बराच होत नाही म्हणशील?”

सिद्रा अबीरच्या मदतीला धावून आली. “पण बाई, आमचा रोग? सवय आम्हालापण लागलीय. तुम्ही दगड होऊन बसलात, तरी आम्ही तुमच्याच तोंडाकडं बघणार.”

“मग मी बाहेर गेल्यावर तुम्ही अबीरच्या तोंडाकडे बघाल. हुशार पोरगं ते. बघणारा कुणाकडे तरी बघतोच. पोपटाच्या वेळी सगळा वर्ग ओवीच्या मागे गेला आणि सगळे चुकलात. काटा मिळाला म्हणून वाचलात. दर वेळी डेअरी कुठून आणाल?”

“ते खरंय,” कुणीतरी म्हणालं. “न्हाई, कसं खरं?” दुसरं म्हणालं. एकदम पाच-सहा जण बोलायला लागले. बाई एकाला उत्तर देत, तोवर दुसरा त्या उत्तरातच खोट काढी. सिद्राने एकदा त्यांना असं कोंडीत पकडलं, की त्यांना आपलं आधीचं वाक्य मागे घ्यावं लागलं, आणि ते घेताना त्या मोठ्याने हसल्या. कित्येक वर्षांत त्यांना कुणी असं पकडलं नव्हतं. आपली जागा पणाला लागली आहे, हे त्या मधूनमधून चक्क विसरत होत्या.

मग ओवी उठली.

“मी मत बदलतो,” ती म्हणाली. “बाई, मला तुम्ही पाहिजे आहात. पण मला तुम्ही का पाहिजे आहात, ते मी आत्ता बघितलं. मी चुकलो तर तुम्ही धराल म्हणून. पोपटाच्या वेळी तुम्ही नव्हता. तेव्हा मी चुकलो, ते रात्रभर माझं मलाच टोचत होतं. तसं मला कधी टोचलं नव्हतं, बाई. तुम्ही असताना टोचायच्या आधीच तुम्ही काटा काढता.”

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर वर गेली. मागच्या पडद्यावर एक नवी रेघ, इतरांहून जाड, तुटली, भरकटली, आणि ओवीच्या रेघेला येऊन मिळाली. ती रेघ आपली आहे, हे कळायला बाईंना जरा वेळ लागला.

“ज्याचा संबंध आहे त्याने शेवटच्या निर्णयाच्या वेळी बाहेर थांबायचं, असा नियम आहे,” त्या म्हणाल्या. पट्टी सोडून टेबलावर ठेवली आणि व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या.

निर्णय यायला फार वेळ लागला नाही. दार उघडून ओवी बाहेर आली. तिचे डोळे लाल झाले होते. मागे दारात सिद्रा आणि अबीर.

“ठरलं, बाई. तुम्ही साहित्य कक्षात.”

“कशावरून ठरलं?” बाईंनी विचारलं. “नीट सांग. पायरी पायरीने.”

ओवीने डोळे पुसले आणि सांगितलं. बाई वर्गात असताना सांधे कमी पडतात, हे तीन महिन्यांच्या नोंदीवरून दिसतं. पदराचं कारण सापडलं, त्यामुळे ते योगायोगाने घडलेलं नाही, हेही कळलं. हात बांधून बसल्या तरी आमची सवय जाणार नाही. म्हणून बाई वर्गात असल्या की आमचा विचार थांबतो. म्हणून बाई बाहेर.

बाई ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकताच त्यांना भोक दिसलं. चांगलं मूठ जाईल एवढं भोक. त्या तीन महिन्यांतल्या बाई बाजूला बसून निकाल देणाऱ्या होत्या. आज त्या पट्टी बांधून मुलांच्यात उतरल्या, भांडल्या, हरल्या, आणि बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की आज पडद्यावर ठिपक्यांना जागा पुरत नव्हती. पोपटाच्या दिवसापेक्षाही जास्त. बेळगावच्या आठवड्यातल्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त. मुलांनी दोन निराळ्या बाई एकच धरल्या होत्या. मुलांची पाठ पडद्याकडे होती, आणि खणगावे पडद्याच्या खाली उभे होते. हे ठाऊक असलेलं माणूस शाळेत एकच होतं. एक वाक्य बोलायचा अवकाश, की सगळा वर्ग परत बसला असता, आणि बहुतेक बाईही परत आत गेल्या असत्या.

“बाई,” ओवी म्हणाली, “आमच्या म्हणण्यात काही चुकतंय का?”

ओवी, सिद्रा, अबीर, तिघंही पदर सुटायची वाट बघावी तसे बाईंच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. बाईंना तो वर्ग हवा होता. इतकं कधी काही हवंसं वाटलं नव्हतं. ते वाक्य अगदी जिभेवर आलं होतं, आणि ते बरोबर होतं.

“ते तुमचं तुम्ही बघा,” त्या म्हणाल्या. सुरात काही येऊ नये म्हणून त्यांना फार जपावं लागलं.

मुलं थोडा वेळ घुटमळली आणि आत गेली. अहवाल सोमवारी येणार होता, आजच्या ठिपक्यांसह. तो कुणी नीट वाचेल, किंवा वाचणार नाही. शिंत्रे बाई डोळे पुसत व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीकडे चालू लागल्या.